विक्रांतचा तुकडा खरा कशावरून?

काचेच्या कपाटात ठेवलेलं एक पितळी सेक्स्टंट डोळ्यांसमोर आणा. शिसवी पेटी, आत हिरवी मखमल, कमानीवर अंशांची बारीक पट्टी आणि मधोमध कोरलेलं नाव : ‘केल्विन अँड ह्यूजेस, लंडन, १९१७’. शेजारी चिठ्ठी : ‘पहिल्या महायुद्धातील युद्धनौकेवरचे दिशादर्शक यंत्र’. शाळेचं प्रदर्शन, दवाखान्याची बाहेरची खोली, एखाद्या हौशी माणसाचा दिवाणखाना, सोलापुरात अशी वस्तू कुठेही भेटू शकते. ती खोटी आहे, आणि हे सांगायला भिंगसुद्धा लागत नाही. केल्विन, बॉटमली अँड बेअर्ड आणि हेन्री ह्यूजेस अँड सन या दोन कंपन्या एकत्र आल्या १९४७ साली. ‘केल्विन अँड ह्यूजेस’ हे नावच तेव्हा जन्माला आलं. त्याआधी तीस वर्षं ते पितळेवर कोण कोरणार? शिवाय सेक्स्टंट दिशा दाखवत नाही, ते कोन मोजतं. चिठ्ठी लिहिणाऱ्याला वस्तूचं कामही माहीत नाही.

तीच गत खिशातल्या पितळी होकायंत्राची. वर ‘लंडन १८८५’ कोरलेलं असतं आणि झाकण उघडलं की आतल्या बाजूला एका अमेरिकन कवीची आख्खी कविता. ती कविता पहिल्यांदा छापली गेली १९१५ साली. झाकण आणि तळ एकमेकांना खोटं पाडतात, तरी माल वर्षानुवर्षं विकला जातो.

या वस्तू बनवणाऱ्यांवर आमचा राग नाही. मोजणीच्या उपकरणांसाठी नावाजलेल्या रुरकीत आणि पितळकामाच्या मुरादाबादेत शोभेच्या वस्तू म्हणून हा माल उघडपणे तयार होतो, उघडपणे विकला जातो. कारखान्यातून निघताना तो ‘प्रतिकृती’ असतो. दोन-तीन हात बदलले की तो शब्द गळतो आणि ‘जुनं, नेव्हीचं’ हे शब्द चिकटतात. किंमत त्या दोन शब्दांची असते. आमचं म्हणणं असं आहे की हे शब्द चिकटवणं इतकं सोपं झालंय याला नकली माल विकणाऱ्यापेक्षा आपली सरकारी आणि घरगुती सवय जास्त जबाबदार आहे. खरी वस्तू आपण कागदाशिवाय हातातून सोडतो.

विक्रांत या भारताच्या पहिल्या विमानवाहू युद्धनौकेचंच पाहा. १४ ऑक्टोबर १९४३ रोजी इंग्लंडमध्ये टाइन नदीकाठच्या व्हिकर्स-आर्मस्ट्राँगच्या गोदीत ‘हर्क्युलीस’ या नावाने तिची बांधणी सुरू झाली. २२ सप्टेंबर १९४५ला ती पाण्यात उतरली, पण तोवर महायुद्ध संपलं होतं आणि ती अर्धवट पडून राहिली. १९५७ साली भारताने ती विकत घेतली, बेलफास्टला हारलंड अँड वुल्फच्या गोदीत पुरी करून घेतली आणि ४ मार्च १९६१ रोजी तिथेच विजयालक्ष्मी पंडित यांच्या हस्ते ती भारतीय नौदलात आली. डिसेंबर १९७१मध्ये बंगालच्या उपसागरातून तिच्यावरच्या सी हॉक आणि अलिझे विमानांनी कॉक्स बाजार आणि चितगाववर हल्ले केले. ३१ जानेवारी १९९७ला ती निवृत्त झाली. मग मुंबईत तरंगतं संग्रहालय म्हणून राहिली, २०१२मध्ये तेही बंद झालं. २०१४ साली ती ६० कोटी रुपयांना मोडीत गेली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन आलं, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मुंबईतल्या दारूखाना या जहाजतोडणीच्या भागात तिच्यावर गॅस कटर चालू झाले.

दोन वर्षांत तिच्या धातूचा अंश वापरलेली मोटारसायकल बाजारात आली. त्या व्यवहारात निदान एक साखळी होती : जहाज कुणी घेतलं, धातू कुणी उचलला, कुठे वितळवला, हे माहीत होतं. पण तेव्हापासून ‘विक्रांतचं लोखंड’ हे दोन शब्द विकाऊ झाले. त्यावर एक हिशेब करून पाहावा. विक्रांतचं मानक वजन सुमारे १६,००० टन. निम्मंच लोखंड हाती लागलं असं धरू, म्हणजे ८,००० टन. पन्नास ग्रॅमची एक किल्लीकडी म्हटली तर एका टनात २०,००० कड्या होतात. आठ हजार टनांत १६ कोटी. म्हणजे महाराष्ट्रातल्या प्रत्येक माणसाला एक देऊनही उरतील इतकं खरं लोखंड होतं. नकली करायची गरजच नव्हती! तरीही आज कुणी तळहातावर तुकडा ठेवून ‘हा विक्रांतचा’ म्हणालं तर त्याला हो म्हणता येत नाही आणि नाहीही म्हणता येत नाही. लोहचुंबक दोन्ही लोखंडांना चिकटतो. गंज दोन्हींना चढतो.

(एक परीक्षा आहे, पण ती घरची नाही. जुलै १९४५मध्ये पहिला अणुस्फोट झाला. त्यानंतर बनलेल्या पोलादात किरणोत्सारी अंश सूक्ष्म प्रमाणात सापडतात, आधीच्या पोलादात नसतात. विक्रांतच्या कायेचं बहुतेक पोलाद आधीचं. पण १९५७ ते १९६१ या काळात तिला तिरपं डेक आणि विमानाला उड्डाणासाठी झोका देणारं वाफेचं कॅटापल्ट बसवलं, ते पोलाद नंतरचं. म्हणजे प्रयोगशाळेत जाऊनही खरा तुकडा नापास होऊ शकतो.)

हे टाळता आलं नसतं का? आलं असतं, आणि जगाने ते शंभर वर्षांपूर्वी करून दाखवलंय. १९०५ साली ट्रफाल्गरच्या लढाईची शताब्दी झाली तेव्हा ब्रिटनमध्ये ॲडमिरल नेल्सनच्या ‘व्हिक्टरी’ जहाजाचं तांबं खलाशांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेला देण्यात आलं. संस्थेने त्याची छोटी पदकं पाडली आणि यात व्हिक्टरीचं तांबं आहे हे पदकावरच उमटवलं. आज ते पदक हातात घेतलं तर कोणी, कधी, कशापासून केलं हे त्याच्याच अंगावर वाचता येतं. आपण ६० कोटी मोजून घेतले आणि पंधरा रुपयांचा नंबरचा ठसा मारायचा राहून गेला.

सोलापूरकराला ही गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको. ‘सोलापुरी चादर’ हे नाव लावून दुसरीकडचा माल विकला जातो याचं दुःख या शहराने भोगलंय. सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल या दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे ते याचसाठी. मोरपंखाची नक्षी जेकार्डवर विणलेली आहे की वरून छापलेली, हे चादर उलटी करून पाहणारं गिऱ्हाईक आपल्याकडे आजही आहे. विणलेल्या नक्षीचा रंग मागे उलटा उमटतो, छापलेली मागून फिकी पडते. चादर कुठे विणली याला कायद्याचं संरक्षण आहे. मग १९७१च्या लढाईत उतरलेल्या जहाजाचा तुकडा कुठून आला याला का नसावं?

समुद्र इथून शेकडो किलोमीटरवर आहे, त्यामुळे सोलापूरचा आणि आरमाराचा काय संबंध, असं कुणी विचारेल. पण अशा वस्तूंची पारख करायला लागणारी अर्धी विद्या या शहरात बसलेली आहे, कारण आरमाराच्या आठवणींत धातूइतकंच कापड असतं. ध्वज, टोपीची फीत, खांद्यावरच्या पट्ट्या, गणवेश. गणवेश तर सोलापूरचा आजचा धंदा आहे.

‘१९७१ साली जहाजावर फडकलेला ध्वज’ म्हणून काही समोर आलं तर आधी कडेची शिवण पाहावी. जहाजाचा जुना ध्वज लोकरी बंटिंगचा, म्हणजे ध्वजासाठीच्या विरळ कापडाचा, वेगवेगळ्या रंगांचे तुकडे जोडून शिवलेला असतो. काठीच्या बाजूला जाड कॅनव्हासची पट्टी, तिच्यातून ओवलेली दोरी, दोरीला लाकडी खुंटी किंवा धातूच्या आकड्या. एकाच पातळ कापडावर सगळे रंग छापलेले असतील तर पुढे बोलायचं कारण नाही. शंका उरली तर शिवणीच्या आतून सुटलेला एक धागा चिमट्यात धरून जाळावा. लोकर जळताना केस जळल्यासारखा वास येतो आणि उरलेली गुठळी बोटांनी चुरडते. सूत कागदासारखं जळतं, राख मऊ. पॉलिस्टर वितळून आकसतं आणि कडक मणी राहतो. मागावर काम केलेल्या कुणालाही हे पाठ आहे.

अतिनील प्रकाशाची छोटी टॉर्चही उपयोगी पडते, पण तिच्यावर डोळे मिटून विसंबू नये. नव्या धाग्यात आणि कापडात उजळपणासाठी घातलेली रसायनं त्या प्रकाशात निळसर पांढरी चमकतात, म्हणून ‘१९४२ची टोपी’ चमकली तर संशय घ्यायचा. मात्र खरी जुनी टोपी घरी कधीकाळी टिनोपॉल घालून धुतली असेल तर तीही चमकेल. तेव्हा कापडाचा पृष्ठभाग सोडून शिवणदोरा आणि अस्तराची आतली घडी बघावी. धुण्याचा परिणाम तिथे कमी पोचतो, आणि जुन्या कापडाला पॉलिस्टरच्या दोऱ्याची शिवण असेल तर तीही तिथेच सापडते.

धातूच्या बाबतीत आमचा भरवसा लेथवाल्यांवर आहे. जुन्या ब्रिटिश जहाजावरचं उपकरण असेल तर त्याचे स्क्रू आणि बोल्ट ब्रिटिश मापाचे हवेत. पाव इंची, म्हणजे आपल्या फिटरच्या भाषेत दोन सुती, व्हिटवर्थ बोल्टला इंचात २० आटे असतात आणि आट्याचा कोन ५५ अंश. त्याच्या जवळचा मेट्रिक बोल्ट सहा मिलिमीटरचा, आटा एक मिलिमीटरचा, कोन ६० अंश. आटे मोजायचं गेज प्रत्येक वर्कशॉपच्या ड्रॉवरमध्ये असतं. गेजचं पान बोल्टवर ठेवून उजेडासमोर धरलं की फट दिसते किंवा दिसत नाही, एवढंच काम. डोक्यावर चौफुलीची खाच असलेले स्क्रू ‘१९१७’च्या वस्तूत असूच शकत नाहीत. एखाददुसरा मेट्रिक स्क्रू मात्र दुरुस्तीत आलेला असू शकतो, त्यावरून वस्तू बाद करू नये. सगळेच्या सगळे मेट्रिक असतील तर काय ते स्पष्ट आहे.

इथे इतिहास माहीत नसेल तर आट्यांची परीक्षाही फसवते. ४ डिसेंबर १९७१च्या रात्री ‘ऑपरेशन ट्रायडंट’मध्ये कराचीवर हल्ला करणाऱ्या निपात, निर्घात आणि वीर या क्षेपणास्त्र नौका सोव्हिएत बनावटीच्या होत्या. त्यांच्यावरचं सगळं मेट्रिक, पाट्यांवरची अक्षरं रशियन. त्यामुळे ‘ऑपरेशन ट्रायडंटमधल्या बोटीवरचं घड्याळ’ म्हणून इंग्रजी ‘लंडन’ची पाटी असलेलं काही दाखवलं तर तिथे ब्रिटिश आटे निघणंच संशयाचं. विक्रांतसाठी जे बरोबर ते निपातसाठी चूक.

पितळेवर म्हातारपण चढवायची एक जुनी युक्ती आहे. बंद पिंपात खाली अमोनियाचं भांडं ठेवायचं आणि वर वस्तू टांगायची. काही तासांत पितळ काळपट तपकिरी होतं, कोपऱ्यांत हिरवट निळी झाक येते. व्हिनेगर आणि मिठानेही जमतं. खऱ्या जुन्या वस्तूत मळ खाचेत साचलेला असतो आणि जिथे हात लागतो ती जागा झिजून उजळलेली असते. पिंपातला काळेपणा सगळीकडे सारखा. एक स्क्रू काढून पाहावा : खऱ्या वस्तूत स्क्रूच्या डोक्याखालचं पितळ आणि उघडं पितळ यांच्या रंगात फरक दिसतो, एक गोल कडं उमटलेलं असतं. सुटे भाग आधी काळे करून मग जोडलेले असतील तर डोक्याखालीही तोच रंग येतो.

जहाजाच्या घंटेबद्दल थोडं. घंटेचा पारंपरिक धातू कांसं, म्हणजे तांब्यात साधारण पाचवा हिस्सा कथील. बाजारात ‘आयएनएस’ (इंडियन नेव्हल शिप) लिहिलेल्या ज्या घंटा मिळतात त्या बहुतेक पितळेच्या, म्हणजे तांबं आणि जस्त. फरक आपल्या आजीला कळत असे : काशाच्या वाटीवर टिचकी मारली की नाद लांबतो, पितळेच्या वाटीचा लवकर मरतो. घंटा दोरीने मोकळी टांगून लाकडी हातोडीने हलकेच ठोकावी. मग नाव बघावं. खऱ्या घंटेवर ते सहसा छिन्नीने खोल कोरलेलं असतं, कडा धारदार. साच्यातून उठाव आलेली, कडा गोलसर झालेली अक्षरं म्हणजे नमुन्यावरून ओतलेली नक्कल. ब्रिटिश आरमारात जहाजावर बाळाचा बाप्तिस्मा झाला तर घंटा उलटी करून तिच्यात पाणी घेत आणि बाळाचं नाव घंटेच्या आत कोरत. त्यामुळे घंटेचा आतला भाग टॉर्च लावून वाचावा, बाहेरच्या चकचकीत नावापेक्षा तिथे जास्त सापडतं.

सेक्स्टंटची परीक्षा तर गच्चीवरून होते. दर्शक दांडी शून्यावर लावायची आणि किलोमीटरभर दूरच्या पाण्याच्या टाकीची उभी कड किंवा मंदिराचं शिखर नळीतून पाहायचं. चालणाऱ्या सेक्स्टंटमध्ये दोन प्रतिमा एकावर एक बसतात, चूक असली तर कोनाच्या काही मिनिटांची (एका अंशात साठ मिनिटं). शोभेच्या मालात प्रतिमा अंशांनी फाटतात, कारण आरसे समांतर नसतात आणि पट्टीवरच्या रेघा मोजून पाडलेल्या नसतात, नुसत्या दिसण्यापुरत्या असतात.

पण या सगळ्या कसोट्या दुय्यम. बहुतेक नकली माल इतिहासाच्या पहिल्याच प्रश्नावर पडतो, आणि आम्हाला सर्वांत जास्त वाईट वाटतं ते याचंच. कारण तो प्रश्न विचारला जात नाही म्हणजे तो इतिहास आपल्याला ठाऊक नाही.

‘आयएनएस’ हे उपपद २६ जानेवारी १९५०पासूनचं. २ ऑक्टोबर १९३४ला रॉयल इंडियन नेव्ही हे नाव पडलं आणि प्रजासत्ताक होईपर्यंत जहाजांना ‘एचएमआयएस’ (हिज मॅजेस्टीज इंडियन शिप) लागत असे. ‘आयएनएस, १९४२’ लिहिलेला बिल्ला म्हणजे उघड खोटं. महायुद्धाच्या काळात टोपीच्या फितीवर जहाजाचं नावसुद्धा नसायचं, शत्रूला कळू नये म्हणून नुसती ‘एच.एम.आय.एस.’ ही अक्षरं असत. म्हणून फितीवर जितकं ठसठशीत नाव, तितका संशय जास्त. १९५०नंतरच्या भारतीय बिल्ल्यावर ब्रिटिश मुकुट नसतो, अशोकस्तंभाचे सिंह असतात.

नौदलाचा ध्वज तर चालतं कॅलेंडर आहे. १९५०पासून पांढऱ्या कापडावर लाल क्रॉस आणि कोपऱ्यात तिरंगा. १५ ऑगस्ट २००१ला क्रॉस गेला आणि निळं नौदलचिन्ह आलं. २००४ साली क्रॉस परत आला, मध्यभागी अशोकस्तंभाचे सिंह घेऊन. २०१४मध्ये त्याखाली ‘सत्यमेव जयते’ आलं. २ सप्टेंबर २०२२ला, नवी विक्रांत कोचीत नौदलात दाखल झाली त्याच दिवशी, क्रॉस कायमचा गेला आणि शिवछत्रपतींच्या राजमुद्रेवरून प्रेरणा घेतलेली अष्टकोनी चौकट आली. जुनी विक्रांत १९९७ला निवृत्त झाली, तेव्हा तिच्यावर पहिल्या प्रकाराखेरीज दुसरा ध्वज फडकलाच नाही. ‘१९७१चा विक्रांतचा ध्वज’ म्हणून सिंह किंवा अष्टकोन असलेलं कापड फ्रेम करून लावलेलं असेल, तर ते उतरवायला एवढी माहिती पुरे.

विक्रांतच्या ‘फ्लाइट डेकच्या सागवाना’चंही तसंच. तिचं विमानं उतरायचं डेक पोलादी होतं. १९४६च्या नाविकांच्या उठावाच्या नावाने ‘तलवार जहाजाचं सुकाणू’ विकणाऱ्याला विचारावं की १८ फेब्रुवारीला जिथे उठाव सुरू झाला ते ‘एचएमआयएस तलवार’ पाण्यात होतं तरी का? ते मुंबईतलं बिनतारी संदेशाचं प्रशिक्षण केंद्र होतं, जमिनीवरचं. नौदल आपल्या किनाऱ्यावरच्या ठाण्यांनाही जहाजांसारखी नावं देतं. इमारतीला सुकाणू कुठून येणार?

आणि खुकरी. ९ डिसेंबर १९७१च्या रात्री दीवजवळ पाकिस्तानी पाणबुडी हंगोरच्या टॉर्पेडोने ती बुडाली. १८ अधिकारी आणि १७६ नाविक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाजाबरोबर गेले, त्यांना मरणोत्तर महावीरचक्र मिळालं. ती समुद्रतळाशी आहे, ती १९४ घरांची समाधी आहे. तिच्या नावाची जीवनरक्षक कडी किंवा पितळी पाटी कुणी विकायला काढली तर दोनच शक्यता उरतात : ती खोटी आहे, किंवा ती कशी मिळाली हे विकणाऱ्याने कागदासह सांगायला हवं. तिसरी शक्यता धरून घासाघीस करणं आम्हाला सहन होत नाही. पदकांच्या बाबतीतही हेच. नौदलातल्या कुणालाही आजवर परमवीरचक्र मिळालेलं नाही, तरी ‘नेव्हीचं परमवीर’ मागितलं आणि दाखवलं जातं.

कायदा काय म्हणतो? पुरावस्तूंचा १९७२चा कायदा वस्तू शंभर वर्षांची झाली की लागू होतो, हस्तलिखितं पंच्याहत्तर वर्षांची. त्या हिशेबाने १९४६च्या उठावातली वस्तू २०४६ साली आणि १९७१ची वस्तू २०७१ साली संरक्षणात येणार. तोवर तिची नोंद करायची सक्ती कुणावर नाही. सैनिकाचा वेश किंवा चिन्ह वापरून लोकांना भासवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १६८ खाली गुन्हा आहे, पण शिक्षा फार तर तीन महिने कैद, दोन हजार रुपये दंड किंवा दोन्ही. फसवून विकणं कलम ३१८ मध्ये बसतं. पैसे परत हवे असतील तर ग्राहक आयोग जास्त उपयोगाचा : पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची. मात्र पावतीवर ‘जुने पितळी शोपीस’ एवढंच लिहिलेलं असेल तर तक्रार उभीच राहत नाही. म्हणून विकत घेताना जहाजाचं नाव, काळ आणि ‘मूळ’ हा शब्द पावतीवर लिहून मागावा. लिहून द्यायला विकणारा कचरला की परीक्षा तिथेच संपली. आणखी एक : तोफेचं पितळी काडतूस घेताना बुडाची प्रायमर टोपी पाहावी. तिच्यावर ठोका पडल्याची खूण नसेल तर ते उचलू नये, हलवू नये, ११२ला कळवावं.

हे झालं गिऱ्हाइकाचं. सरकारकडे आमची मागणी नेमकी आहे. युद्धनौका निवृत्त होते तेव्हा तिच्यावरचा माल उतरवून मोजला जातोच. त्या यादीतून गोपनीय काही नसलेल्या वस्तू, म्हणजे घंटा, पाट्या, चाकं, दिवे, गोल खिडक्या, लाकूड, वेगळ्या कराव्यात. प्रत्येकीवर क्रमांकाचा ठसा मारावा, फोटो काढावा आणि यादी सगळ्यांना पाहता येईल अशी इंटरनेटवर ठेवावी. मोडीत घेणाऱ्याच्या करारात एक कलम घालावं : जहाजाचं नाव लावून एखादी वस्तू विकायची असेल तर क्रमांक आणि वर्ष उमटवल्याशिवाय विकता येणार नाही. आणि प्रतिकृतींसाठी साधा नियम, वस्तूच्या अंगावरच ‘प्रतिकृती’ हा शब्द आणि बनवल्याचं साल. अमेरिकेत नकली नाण्यांवर ‘कॉपी’ उमटवायची सक्ती १९७३पासून आहे. त्याने रुरकीच्या कारागिराचं पोट मारलं जाणार नाही, उलट त्याचं काम त्याच्या नावाने विकलं जाईल.

नौदलाला याहून मोठी कामं आहेत, हा आक्षेप आम्ही ऐकला आहे. पण २०२०मध्ये विराट ही दुसरी विमानवाहू नौका ३८.५४ कोटींना मोडीत गुजरातमधल्या अलंगला गेली, तेव्हा विक्रांतचा अनुभव सहा वर्षं जुना झाला होता. ही कामं रोजची नाहीत, दशकात दोन-चार जहाजांची आहेत. दुसरा आक्षेप असा की सर्टिफिकेटही खोटं छापता येतं. येतं, म्हणूनच वस्तूवरचा क्रमांक आणि जाहीर यादी ही जोडी हवी. सर्टिफिकेट विकणाऱ्याच्या हातात असतं, यादी सगळ्यांच्या.

आणि सोलापुरात काय करता येईल? गणपतीच्या देखाव्यात किंवा शाळेच्या प्रदर्शनात वस्तू मांडताना चिठ्ठीवर तीन गोष्टी लिहाव्यात : कुणाकडून आली, केव्हा आली, मूळ की प्रतिकृती. प्रतिकृती मांडण्यात काहीच कमीपणा नाही, मुलांना सेक्स्टंट हातात धरून कोन मोजायला शिकवायचा तर प्रतिकृतीच बरी. कापड तपासणारे, लेथवाले, जिल्ह्यात राहणारे निवृत्त नाविक आणि विद्यापीठातले इतिहासाचे शिक्षक महिन्यातून एका रविवारी एका टेबलाभोवती बसले, तर कुणालाही आपली वस्तू आणून दाखवता येईल.

त्या टेबलावर सर्वांत आधी यायला हवी ती निवृत्त नाविकाच्या घरातली पत्र्याची ट्रंक. खरा माल तिथे आहे. सेवापुस्तिका, जहाजावरचा गटाचा फोटो, पत्रं, टोपी, पदकं. माणूस गेला की पदकं एका मुलाकडे, फोटो दुसऱ्याकडे, कागद रद्दीत आणि ट्रंक भंगारवाल्याकडे किलोवर जाते. तिथून पुढे तीच पदकं कुणाच्या तरी बनावट कहाणीला खरेपणा द्यायला वापरली जातात. म्हणून वस्तू आणि कागद वेगळे करू नका. फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने नावं लिहा, आजोबा आहेत तोवर त्यांना विचारून, डावीकडून उजवीकडे. पितळ चिंचेने घासून लख्ख करू नका, कोरलेली अक्षरं झिजतात. आणि पदक उजेडात तिरपं धरून त्याची कड वाचा. क्रमांक, हुद्दा आणि नाव तिथे बारीक अक्षरांत असतं. ते आजच वहीत उतरवून घ्या, सेवापुस्तिकेतल्या क्रमांकाशी ताडून.